व्हीसीडी ६३ टक्क्यांवर अडकली म्हणजे ‘गेली’ असं नाही

दशावताराच्या १४ व्हीसीड्या (व्हिडिओ सीडी) पेन ड्राइव्हवर घ्यायच्या होत्या. तेरा निमूट आल्या. चौदावी नेमकी आख्यान रंगात आल्यावर, ६३ टक्क्यांवर अडली आणि ‘सायक्लिक रिडन्डन्सी चेक’ची, म्हणजे डेटा नीट वाचता आला नाही अशी, पाटी आली. बाजारातल्या दुकानदाराने उजेडात धरून पाहिली न पाहिली आणि म्हणाला, "गेली ही, टाका." अहो, तीच सीडी प्लेअरवर लावली की त्या जागी दोन सेकंद हिरवे-गुलाबी चौकोन दिसतात आणि युद्ध पुढे सुरू!

कारण साधं आहे. सीडीवरचा डेटा छोट्या छोट्या तुकड्यांत, सेक्टरमध्ये, असतो. एका सेक्टरमध्ये २३५२ बाइट असतात. डेटा सीडी त्यातले २०४८ वापरते आणि उरलेल्यातली बरीच जागा चुका दुरुस्त करण्यासाठी ठेवते. १९९३ च्या व्हीसीडीने चित्रासाठी २३२४ बाइट घेतले आणि दुरुस्तीचा तो जादा थर सोडून दिला. म्हणून ज्या सीडीवर ७४ मिनिटं गाणी बसतात तिच्यावर ७४ मिनिटं चित्रही बसतं, आणि ६५० एमबीच्या सीडीतून ७४० एमबीच्या आसपास फाइल निघते. प्लेअर खराब सेक्टर सोडून पुढे जातो. विंडोज मात्र पहिल्याच खराब सेक्टरला हात टेकतं.

तेव्हा सीडीवरची डॅट फाइल (चित्र असतं ती) कॉपी-पेस्ट करत बसू नका. आयसोबस्टर या खराब सीडी वाचायच्या प्रोग्रॅममध्ये सीडी उघडा, व्हिडिओ ट्रॅकवर राइट क्लिक करा आणि फक्त ‘एमटूएफटू’ (M2F2, म्हणजे ते २३२४ बाइटवाले सेक्टर) व्हिडिओ फ्रेम काढायचा पर्याय घ्या. सेक्टर वाचता आला नाही की प्रोग्रॅम थांबून विचारतो. तिथे कोरा सेक्टर भरायला सांगा. सेकंदाला ७५ सेक्टर लागतात, म्हणजे २०० गेले तरी तीन सेकंदही जात नाहीत. ड्राइव्ह घरघरत राहील, राहू दे. अगदीच हटून बसला तर सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा.

हां, सगळ्यात आधी सीडी पुसायची, हे वरच सांगायला हवं होतं. आपल्याकडच्या पावसात बुरशी धरतेच. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड, आणि मधून कडेकडे सरळ पुसा. गोल पुसलं तर ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि सलग डेटा खातो. थिनर नको. छापील बाजू जास्त जपा: खाली १.२ मिमी प्लास्टिक आहे, वर चकाकत्या थरावर नुसतं लॅकरचं पातळ अस्तर. म्हणून ओलसर झालेला स्टिकर सोलू नका, थरही त्याच्याबरोबर निघतो.

चित्र ३५२ बाय २८८ पिक्सेलचंच आहे. मोठं करून पुन्हा एन्कोड करू नका, निघालेली एमपीजी (व्हिडिओ फाइल) तशीच ठेवा.