खाणपट्ट्यात ताण आणि आधार मोजताना: माझा अनुभव

मानसशास्त्रात पीएच.डी. करायचे ठरल्यावर विषय शोधण्यात माझा फारसा वेळ गेला नाही. गोव्यातील साखळी, पाळी, होंडा, पिसुर्ले या पट्ट्यात सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्यंतरी काही काळ त्या मर्यादित प्रमाणात चालल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांच्या भाडेकरारांचे नूतनीकरण रद्द केल्यावर त्याच वर्षीच्या मार्चच्या मध्यापासून पुन्हा बंद पडल्या. खनिज वाहण्यासाठी कर्जावर घेतलेले ट्रक अंगणात उभे राहिले. या घरांतील माणसांच्या प्रकृतीवर दीर्घ ताणाचा काय परिणाम झाला असेल आणि नातेवाईक-शेजाऱ्यांच्या आधाराने तो कितपत कमी झाला असेल, हा माझा प्रश्न होता.

या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याला अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे शेल्डन कोहेन यांचे काम टाळता येत नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात इंग्लंडमधील ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात श्वसनमार्गाच्या पाचपैकी एका विषाणूचे थेंब घालून त्यांना इतरांपासून वेगळे ठेवले होते. ज्यांचा ताण सर्वांत कमी होता त्यांच्यापैकी सुमारे २७ टक्क्यांना सर्दी झाली, तर सर्वाधिक ताण असलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना. पुढे १९९८ मध्ये त्यांच्याच गटाने दाखवले, की एखादा मोठा पण थोडक्यात आटोपणारा प्रसंग तितका बाधत नाही. महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ चालणारा ताण बाधतो, त्यातही बेकारी किंवा अपुरे काम आणि जवळच्या माणसांशी चाललेला बेबनाव. हा निष्कर्ष वाचताना मला आमच्या गावातील दहा तरी घरे आठवली.

कोर्सवर्क, प्रस्तावाचे सादरीकरण, सल्लागार समितीच्या सूचना हे टप्पे सर्वांनाच पार करावे लागतात, त्यामुळे त्यांविषयी विस्ताराने लिहीत नाही. ताण मोजण्यासाठी कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली ‘पर्सीव्हड स्ट्रेस स्केल’ घेतली. तिच्या दहा प्रश्नांच्या आवृत्तीत गेल्या महिन्याभराविषयी विचारले जाते, प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण असतात आणि एकूण गुण चाळीसपर्यंत जातात. नफा नसलेल्या शैक्षणिक संशोधनासाठी ती विनाशुल्क वापरता येते, ही नव्या विद्यार्थ्यांसाठी मोठी सोय आहे. मात्र ती निदानाची चाचणी नाही. अमुक गुणांच्या पुढे माणूस आजारी, अशी रेषा तिच्यात नाही, आणि हे मला गावातील डॉक्टरांपासून घरच्यांपर्यंत अनेकांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले.

माणसांवरील संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीने प्रस्ताव एकदा परत पाठवला आणि त्यांचा आक्षेप रास्त होता. मुलाखतीत कोणी कोसळले किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा केली तर पुढे काय, याचे लेखी उत्तर त्यांना हवे होते. मग जवळचे आरोग्य केंद्र, बांबोळीची मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आणि १४४१६ ही टेलि-मानस (मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोन) सेवा अशी साखळी आखली, प्रत्येक ठिकाणी आधी जाऊन किंवा फोन करून खात्री केली आणि माहितीपत्रकात ती छापली. पुढे तिचा प्रत्यक्ष उपयोग झाला, इतकेच इथे नोंदवते.

खरी अडचण घरोघरी जाऊ लागल्यावर आली. आधाराच्या प्रश्नावलीत एक विधान असे असते, की मनातली खोल भीती सांगावी असे मला कोणीच नाही. ते कितपत खरे आहे, हे उत्तर देणाऱ्याने सांगायचे असते. आमच्याकडे पाहुणा आला की घरातील सगळी माणसे ओसरीवर जमतात. सासू शेजारी, नवरा समोरच्या खुर्चीवर आणि शेजारीण दारात उभी असताना सून या विधानाला काय उत्तर देणार? ज्यांच्याकडून आधार मिळतो त्यांच्याच देखत आधाराविषयी विचारणे म्हणजे मापनाचीच वाट लावणे होते. ‘विचार गो बाय, हांव सांगता,’ असे म्हणत एका आजींनी सुनेच्या वतीने सगळी उत्तरे द्यायची तयारी दाखवली होती.

यावर उपाय हळूहळू सापडले. मोठ्या अक्षरांतील छापील प्रश्न उत्तर देणाऱ्याच्या हाती द्यायचे, मी फक्त प्रश्नाचा क्रमांक वाचायचा आणि त्यांनी उत्तराच्या आकड्यावर बोट ठेवायचे, ही पद्धत बायकांच्या बाबतीत चांगली चालली. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना बचतगटाच्या बैठकीनंतर वेगळे भेटले. पुरुषांच्या कितीतरी मुलाखती अंगणात उभ्या असलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये झाल्या. दार लावून घेतले की तिथे कोणी येत नसे. शिवाय मुलाखतीच्या वेळी कोण हजर होते, याची प्रत्येक प्रश्नावलीवर नोंद ठेवली. चारचौघांत दिलेल्या उत्तरांत आधार अधिक दिसला, आणि ही नोंद नसती तर तो फरक मला कळलाच नसता.

दुसरी गोष्ट मला पुस्तकांपेक्षा गावाने अधिक शिकवली. कोहेन आणि टॉमस विल्स यांनी १९८५ मध्ये मांडणी केली होती, की गरजेच्या वेळी मदत मिळेल हा भरवसा ताणाचा आघात सौम्य करतो, तर समाजात मिसळून असणे ताण असो वा नसो, एरवीही हितकारक ठरते. पण आधार देणाराच त्याच संकटात सापडला असेल तर काय? इथे भावाचा ट्रकही उभाच होता, मेव्हण्याच्या गॅरेजला काम नव्हते आणि ज्या दुकानदाराकडे उधारी चाले, त्याचे गिऱ्हाईकही खाणीवरचेच होते. नातेवाईक भरपूर होते, पण मागायचे कोणाकडे? मदत घेतलीच तर उपकाराचे ओझे वेगळे.

कोहेन यांचा १९९७ चा अभ्यास मला इथे उपयोगी पडला. त्यात त्यांनी पती-पत्नी, आईवडील, शेजारी, सहकारी, धार्मिक गट असे नात्यांचे बारा प्रकार मोजले होते. तीन किंवा त्याहून कमी प्रकारची नाती असणाऱ्यांना सर्दी होण्याचा धोका सहा किंवा अधिक प्रकारची नाती असणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त आढळला होता. म्हणून मी माणसे किती आहेत हे मोजण्यापेक्षा नात्यांचे प्रकार मोजले, आणि त्यांपैकी किती खाणीबाहेरचे आहेत हे वेगळे विचारले. फोंड्यात शिकवणारी बहीण, भजनी मंडळ, गावच्या नाटकाचा संच, देवस्थानची समिती यांच्याशी ज्यांचे जाणे-येणे टिकून होते, त्यांच्या ताणाचे गुण माझ्या नमुन्यात कमी दिसले.

मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमके इथेच बोट ठेवले. ताण कमी म्हणून माणूस नाटकात जातो, की नाटकात जातो म्हणून ताण कमी होतो? एकाच वेळी घेतलेल्या मोजमापावरून हे ठरवता येत नाही, आणि खचलेल्या माणसाला आधार असूनही तो जाणवत नाही, हेही खरे. मी तसेच उत्तर दिले आणि प्रबंधातील ‘परिणाम’ हा शब्द बहुतेक ठिकाणी ‘संबंध’ असा बदलून घेण्याची त्यांची सूचना स्वीकारली.

आता त्याच कुटुंबांकडे ठरावीक अंतराने पुन्हा जाण्याचा प्रस्ताव तयार केला आहे. २०२२ च्या अखेरीस खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाल्याने काही घरांत काम परतण्याची आशा आहे, काहींनी ट्रक कधीच विकले आहेत, त्यामुळे तुलनेला दोन गट आपोआप मिळतात. या वेळी प्रश्नावलीबरोबर रक्तदाबही मोजायचा आहे, आणि त्यासाठी नीतिसमितीचा अर्ज नव्याने भरावा लागणार आहे.