‘पुन्हा कधी बघायचं’ हा रकाना

डेटा ब्रोकरांना, म्हणजे लोकांची वैयक्तिक माहिती गोळा करून विकणाऱ्या कंपन्यांना, ‘माझी माहिती पुसा’ असं कळवायला सुरुवात केली, तेव्हापासून मी एक स्प्रेडशीट ठेवते. त्यात सगळ्यात जास्त जपते तो रकाना ‘पुन्हा कधी बघायचं’. विनंती पाठवली की ही तारीख लगेच भरायची. जीडीपीआर (युरोपीय संघाचा माहिती-संरक्षण कायदा) लागू असेल तर कंपनीला उत्तरासाठी एक महिना मिळतो. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर आणखी दोन महिने घेता येतात, पण तसं कारणासह पहिल्या महिन्यातच कळवावं लागतं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ४५ दिवस, आणि कळवून तेवढीच मुदतवाढ. तारीख लिहिलेली नसेल तर कंपनी गप्प बसली आहे हे आपल्या लक्षातही येत नाही.

‘स्थिती’ या रकान्यात नुसतं ‘पाठवलं’ लिहून भागत नाही. बऱ्याच जागी आधी पडताळणीची लिंक येते, ती स्पॅममध्ये जाऊन पडते आणि तिची मुदत संपते. म्हणून ‘लिंक उघडायची बाकी’ ही माझ्याकडे वेगळी स्थिती आहे. कुणी ओळखपत्र मागितलं तर ते खरंच का लागतं, हे आधी विचारते. द्यावंच लागलं तर फोटो आणि क्रमांक झाकून देते, आणि काय दिलं तेही लिहून ठेवते.

उत्तर आलं की माझा ठरलेला प्रश्न असतो: नोंद पूर्ण पुसली की दडपली, म्हणजे पुन्हा घेतली जाऊ नये म्हणून खूण ठेवून बाजूला काढली? हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. सगळंच पुसलं तर ब्रोकर पुढच्या वेळी कुठून तरी यादी विकत घेतो आणि आपण पुन्हा त्याच्याकडे उगवतो. ते टाळायला त्याला आपली थोडीशी खूण, बहुधा हॅश केलेला (मूळ पत्ता सरळ वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपातला) ईमेल, ‘घेऊ नका’ यादीत ठेवावी लागते. विचित्र वाटेल, पण अशी खूण राहिलेली मला चालते. तरीही काही महिन्यांनी नाव शोधून बघतेच. जुन्या आडनावानेही, कारण नोंदी बहुतेक त्याच नावाने सापडतात.

माहिती कुठून मिळाली, हेही विचारते. जीडीपीआरखाली तो हक्कच आहे. ‘स्रोत’ रकाना भरत गेला की एकच पुरवठादार अनेकांच्या मागे दिसू लागतो. मग आधी त्याला गाठायचं.

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी जानेवारी २०२६ पासून ‘ड्रॉप’ नावाची सरकारी सोय आहे: एकच विनंती, सगळ्या नोंदणीकृत ब्रोकरांना. १ ऑगस्ट २०२६ पासून ब्रोकरांनी तिथली विनंत्यांची यादी निदान दर ४५ दिवसांनी तपासायची आहे. अशी सोय सगळीकडे हवी, असं मला मनापासून वाटतं. नोंदणी न केलेले ब्रोकर मात्र तिच्यातूनही निसटतात, त्यामुळे तिथल्या लोकांनीही शीट मोडीत काढू नये.

आणि ही शीट कूटबद्ध करून ठेवा. आपले जुने पत्ते, नंबर, ईमेल एकाच जागी असलेली फाइल आपणच तयार केलेली असते.