अंबरातलं चिलट: उजवी खिडकी उघडली

तान्ह्या पोळ्याला हाती घेतलेला बाल्टिक अंबरचा तुकडा काल रात्री तडीस गेला. अंबर म्हणजे झाडाची राळ, कोट्यवधी वर्षांत घट्ट दगडासारखी झालेली; हे बाल्टिक समुद्राकडचं. चिंचोक्याएवढा तुकडा, आत एक चिलट. त्याची डावी बाजू दुधाळ थराखाली झाकलेली. बाल्टिक अंबरात हे नेहमीचंच, किडा कुजताना सुटलेल्या ओलाव्याचे आणि वायूचे बारीक बुडबुडे असतात ते. तो थर घासून काढायला गेलं तर किडाच जातो, म्हणून उजवीकडून खिडकी पाडली, म्हणजे आतलं दिसेल असा सपाट, गुळगुळीत भाग घासला.

८०० नंबरचा वॉटर पेपर, मग १५००, मग २०००. पाणी सतत, आणि दर दहा-बारा घाशांनंतर भिंगाखाली नजर. शेवटी जुन्या धोतराच्या फडक्यावर टूथपेस्ट. मागच्या तुकड्यात मी घाई केली आणि एका पायाचं टोकच घासून बसलो, ती हळहळ अजून आहे. या वेळी चार संध्याकाळी लावल्या.

मग ग्लिसरीनचा थेंब आणि वर काचेची चकती. अंबरचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा) १.५४, ग्लिसरीनचा १.४७. दोन्ही इतके जवळ की उरलेले ओरखडे दिसेनासे होतात.

४० पटीत पंख समोर आला. मधली शीर पुढे जाऊन दोन फाट्यांत उघडते, अगदी चिमट्यासारखी. मिशांना मण्यांसारखे पेर, मी तीनदा मोजले, १६ भरले. आणि डोळे! मिशांच्या वर दोन्ही डोळ्यांना जोडणारी बारीक पट्टी. म्हणजे सायरिडी कुळातलं, बुरशीवर वाढणारं चिलट. पोटाजवळ चांदणीच्या आकाराचे दोन केसही सापडले. ते ओकच्या झाडाचे, बाल्टिक अंबरची चांगली खूण.

आजी दारातून म्हणाली, "एवढ्याशा चिलटापायी रातभर जागून रायला का रे बाप्पा?" मी तिला भिंगाशी बसवलं. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हे त आपल्या उकिरड्यावरचंच हाय."

खरंच आहे. सकाळी शेणखताच्या ढिगावरून एक पकडून शेजारी ठेवलं. तोच चिमटा, तीच पट्टी. मध्ये साडेतीन कोटी वर्षांहून जास्त काळ.

धावड्याच्या डिंकात अडकलेली मुंगी पुढे अंबर होईल का, असं काहींनी विचारलं होतं. शेजारच्या पोराने तसा एक खडा आणून दिला. रात्रभर पाण्यात ठेवला तर सकाळी डिंक विरघळून पेलाभर चिकट पाणी, मुंगी मोकळी. डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही. अंबर राळेचंच होतं. गुजरातेत सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खाणीत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचं किडे असलेलं अंबर निघालं, तेही साल वृक्षाच्या कुळातल्या झाडांच्या राळेचं.

आता डाव्या बाजूला हात लावणार नाही. पंखाचं रेखाचित्र अर्धं झालंय, वीज टिकली तर आज पुरं करतो.