तुम्ही विचारलंत म्हणून: कागद हातात पडला तो दिवस

अमेरिकेतल्या अणुवीज प्रकल्पांत मी २२ वर्षं किरणोत्सर्ग-सुरक्षेचं काम केलं. त्यामुळे या क्षेत्रात नव्यानं आलेली मराठी मुलंमुली मला हमखास एक प्रश्न विचारतात, बहुधा रात्री उशिरा, आवाज खाली आणून: "काका, इथे काहीतरी लपवालपवी चाललीय. मी बोललो तर कायदा वाचवेल का?"

मी उत्तर देत नाही. आधी विचारतो, "कंपनीनं तुला काही कळवलंय का? कोणत्या तारखेला?"

हा प्रश्न मी व्हेरा इंग्लिश यांच्याकडून शिकलो. नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनला जनरल इलेक्ट्रिकचा अणुइंधनाचा कारखाना होता, तिथल्या प्रयोगशाळेत त्या तंत्रज्ञ होत्या. सांडलेलं किरणोत्सर्गी द्रव्य सहकारी पुसत नाहीत, अशी तक्रार त्यांनी वरिष्ठांकडे केली, अणुनियामक आयोगाकडेही केली. कुणी हललं नाही. मग त्यांनी आधीच्या पाळीनं युरेनियमच्या द्रावणानं माखून ठेवलेलं टेबल मुद्दाम पुसलं नाही, डागांभोवती लाल पट्टी चिकटवून ठेवली. काही दिवसांनी साहेबांना बोलावून दाखवलं, तर पट्टी तशीच आणि डागही तसेच! काम थांबवून साफसफाई झाली खरी, पण ठपका आला बाईंवरच: जाणूनबुजून सफाई केली नाही.

१५ मे १९८४ ला कंपनीचा अंतिम निर्णय त्यांना कळवला गेला. किरणोत्सर्गी द्रव्याशी संबंध नसलेल्या विभागात ठरावीक मुदतीत दुसरी जागा मिळवा, नाहीतर घरी. जागा मिळाली नाही, ३० जुलैला नोकरी गेली. कंपनीनं सूड उगवला, अशी तक्रार त्यांनी ऑगस्टमध्ये कामगार खात्याकडे केली. तेव्हा मुदत ३० दिवसांची होती, आणि नोकरी गेल्यापासून मोजलं तर तक्रार मुदतीत होती. सुनावणी घेणाऱ्या न्यायाधीशानं कौलही त्यांच्या बाजूनं दिला. पण कामगारमंत्र्यांनी दिवस मोजले ते १५ मेपासून, आणि तक्रार फेटाळली. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं त्यांना राज्याच्या कायद्याखाली भरपाईचा दावा लढवायची मोकळीक दिली. सहा वर्षांनी, तेही फक्त लढायची.

१९९२ मध्ये ही मुदत १८० दिवस झाली. वरिष्ठांकडे केलेली तक्रारही संरक्षणात धरली जाऊ लागली, ठेकेदाराकडच्या माणसालाही ते लागू आहे. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तक्रार हे कारवाईमागचं एक कारण होतं एवढं कामगारानं दाखवलं, की तक्रार नसती तरी हेच केलं असतं, हे ठाम पुराव्यानिशी सिद्ध करायचं ओझं कंपनीवर जातं. नोकरी परत, बुडालेला पगार, वकिलाचा खर्च, सगळं मिळू शकतं.

तरी माणसं अडकतात. माझ्या एका सहकाऱ्यानं सूडाची सगळी हकिगत आयोगाला कळवली आणि निश्चिंत झाला. आयोगाचं पत्र आलं, चौकशी झाली, कंपनीची कानउघाडणीही झाली. पण आयोग कंपनीला दंड करू शकतो, तुमची नोकरी परत देऊ शकत नाही. ते काम कामगार खात्याच्या ओशा या विभागाचं, आणि तिथे वेगळी तक्रार लागते. हे त्याला कळलं तेव्हा आठ महिने उलटले होते. तो माझ्यापेक्षा हुशार होता, हे मुद्दाम सांगतो.

अणुऊर्जेबाहेर तर आणखी गोंधळ. गॅसच्या पाइपलाइनवर असाल तर १८० दिवस. रिफायनरीत हवेच्या प्रदूषणाबद्दल बोललात तर फक्त ३०. समुद्रातल्या तेलविहिरींवर २०१० च्या डीपवॉटर होरायझन स्फोटात ११ माणसं गेली. त्यानंतर तिथल्या कामगारांना असंच संरक्षण देण्यासाठी आलेलं विधेयक कनिष्ठ सभागृहात मंजूर झालं, सिनेटमध्ये अडकलं. एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असलेल्यांना मी आणखी एक आकडा सांगतो. नोकरी गेल्यावर त्यांना देशात राहायला सहसा जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि ओशाची चौकशी तेवढ्यात क्वचितच आटोपते. हे ऐकून काहीजण फोन ठेवतात. मी त्यांना दोष देत नाही.

मागे एका मुलीनं विचारलं, "पण काका, अर्ज इंग्रजीत नीट लिहायला वकील हवा ना?" म्हटलं, पहिल्या पायरीला अर्जही नको, तोंडी सांगितलं तरी ओशा लिहून घेतं. इंग्रजी जमत नसेल तर कोणत्याही भाषेत.

"मराठीत?"

"मराठीतही. पण पत्राची तारीख वाच बघू."

तिनं वाचली. मी बोटांवर महिने मोजले. मंगळवारपर्यंत वेळ होता.