फोन मध्येच का तोडता?

लग्नाच्या पंगतीत कुणीतरी माझी ओळख करून देतं, "या रेडिओवर फोन-इन कार्यक्रम करायच्या." लगेच समोरून येतं, "मग लोकांना मध्येच का तोडायचात हो? माणूस जरा खरं बोलायला लागला, की लावलं गाणं!"

तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगते. फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, खाली ओढणारा हात माझाच असायचा. आकाशवाणीची प्रसारण संहिता आहे. मित्रराष्ट्रांवर टीका नको, धर्मावर किंवा समाजावर हल्ला नको, अश्लील नको, बदनामीकारक नको, हिंसेला चिथावणी नको, न्यायालयाचा अवमान नको, पक्षाचं नाव घेऊन शिव्याशाप नकोत. यातलं बरंचसं मला पटतं. एखाद्यानं थेट प्रसारणात शेजाऱ्याचं नाव घेऊन "त्यानं माझा बांध कोरला" म्हटलं, तर शेजारी बिचारा त्या वेळी गोठ्यात असतो. त्याची बाजू कोण मांडणार? असा फोन मी तोडला, आजही तोडेन.

पण संहितेपायी तोडलेले फोन फार थोडे. बरेच घड्याळापायी तुटले, आणि काही निव्वळ माझ्या भित्रेपणानं. "आमच्याकडे पाणी चार दिवसांनी येतं" यात कुठल्या कलमाचा भंग होतो? कुठल्याच नाही. तरी बोट फेडरवर जायचं. उद्या कुणी विचारणा केली तर, एवढा विचार पुरायचा.

एक निवृत्त शिक्षक नेहमी फोन करत. ते मला ऐकवायचे, "बाई, प्रसारणलहरी जनतेच्या मालकीच्या आहेत, सर्वोच्च न्यायालयानं 1995 सालीच सांगितलंय." खरंच सांगितलंय. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा त्याआधीचा, 1990 चा; अंमलात आला 1997 मध्ये. लक्ष ठेवायला खासदारांची समिती आणि श्रोत्यांच्या तक्रारी ऐकायला प्रसारण परिषद, अशा दोन्ही तरतुदी त्यात लिहिलेल्या आहेत. त्या परिषदेचं नाव मला फोन करणाऱ्यांपैकी एकानंही कधी घेतलं नाही. मास्तरांनीसुद्धा.

सहभाग म्हणजे काय, हे मला कळलं ते 1956 च्या एका प्रयोगाबद्दल वाचून. युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रानं पाच जिल्ह्यांतल्या 150 गावांत श्रोत्यांची मंडळं उभी केली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, असे एकूण 20 कार्यक्रम झाले. गावातली वीसेक माणसं रेडिओभोवती बसायची, ऐकायची, मग आपसांत वाद घालायची. उरलेले प्रश्न केंद्राकडे जायचे आणि पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेनं नंतर मंडळं असलेली आणि नसलेली गावं पारखली. मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढलेली दिसली. त्या माणसांच्या हातात फोन नव्हता, थेट प्रसारणात एक अक्षर बोलायची सोय नव्हती. पण विचारलेलं कुठंतरी पोचत होतं.

माझ्या कार्यक्रमात लोक थेट बोलायचे. मी "धन्यवाद, ऐकत राहा" म्हणायची आणि पाणी चार दिवसांनीच यायचं. प्रश्न कुणी टिपूनही घेत नव्हतं. मीही नाही, ही लाज कबूल करते.

मग एक वही केली. तोडलेल्या फोनमधला प्रश्नही त्यात लिहायचा, नाव गाळून. आठवडाभर त्यासाठी कृषी खात्यात, पाणीपुरवठ्यात, कुठं कुठं फोन करायचे आणि मिळेल ते उत्तर पुढच्या भागाच्या सुरुवातीला वाचायचं. "उत्तर मिळालं नाही" हेही वाचायचं. त्यात दहाएक मिनिटं जायला लागली, म्हणजे फोन आणखीच कमी घेता यायचे.

तक्रार आली, पण निराळीच: दोन गाणी कमी का केली?