वाक्य तयार होईपर्यंत

कामाचं इंग्रजी जमत नाही म्हणणारा माणूस कामापाशी क्वचितच अडतो. इन्व्हॉइस, डिलिव्हरी, टार्गेट, अप्रूव्हल हे शब्द आपण मराठी बोलतानाही बिनदिक्कत वापरतो. आपल्या खात्यातला आकडा कुठून आला नि कुठे गेला, हे मोडक्यातोडक्या वाक्यांतही सांगता येतं, कारण समोरचाही त्याच आकड्याकडे बघत असतो. अडायला होतं ते भलत्याच ठिकाणी. मीटिंग सुरू व्हायच्या आधीच्या दोन मिनिटांत. कुणाला तरी मध्येच थांबवायचं असतं तेव्हा. बुधवारची भेट गुरुवारवर न्यायची असते तेव्हा. आणि "हे जमणार नाही" हे भांडण न होता सांगायचं असतं तेव्हा तर फारच.

यातलं मूळ दुखणं मला पाळीचं वाटतं. बोलायच्या पाळीचं. २००९ साली काही भाषाशास्त्रज्ञांनी दहा वेगवेगळ्या भाषांतली बोलणी तपासली. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, ते त्यांनी मोजलं. सरासरी निघाली साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानीत त्याहून बरीच कमी, डॅनिशमध्ये जास्त, पण एकूण सगळीकडे एक थांबला की दुसरा सुरू. आता गंमत बघा. समोरच्या चित्राचं नुसतं नाव घ्यायलाही माणसाला सहाशेच्या आसपास मिलिसेकंद लागतात. मग अख्खं उत्तर दोनशेत कसं सुरू होतं? तर समोरचा बोलत असतानाच आपण आपलं वाक्य जुळवायला घेतो आणि तो कुठे थांबणार याचा अंदाजही बांधत असतो. मातृभाषेत हे सगळं नकळत होतं. परक्या भाषेत ऐकण्यातच जीव जातो, आणि जुळवाजुळव सुरू होते ती समोरचा थांबल्यावर. 'हॅव बीन' की 'हॅड बीन' याचा निकाल लागेपर्यंत विषय पॅकिंगवरून ट्रान्सपोर्टवर गेलेला असतो. वाक्य शुद्ध, छान, पूर्ण तयार. फक्त आता ते बोलायला जागा नाही.

मग माणूस गप्प बसतो. गप्प बसणाऱ्याला लोक एकतर विचारी समजतात, नाहीतर सहमत. दुसरं जास्त महागात पडतं.

यावर उपाय म्हणून जे व्याकरणाचं पुस्तक घेऊन बसतात त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण घाईच्या वेळी व्याकरण धावून येत नाही. धावून येतात ती तयार वाक्यं. 'कॅन आय जस्ट कम इन हिअर?' 'सॉरी, कॅन वी गो बॅक टू द प्राइस?' 'लेट मी चेक आय हॅव अंडरस्टुड.' या वाक्यांत माहिती जवळपास शून्य. रुमाल टाकून जागा धरावी, तेवढंच त्यांचं काम. ती बोलून होईतो दोन-तीन सेकंद मिळतात, माना आपल्याकडे वळतात आणि तेवढ्यात खरं वाक्य आत आकाराला येतं. पाठ केलेलं बोलतोय म्हणून लाजायचंही कारण नाही. जन्मापासून इंग्रजी बोलणारेही मीटिंगमध्ये हीच वाक्यं फेकत असतात. मात्र ती वहीत असून भागत नाही, तोंडात बसायला हवीत. जिना चढता-उतरताना मोठ्यानं म्हणावीत, जीभ अडखळायची थांबेपर्यंत. घरचे थोडे दिवस विचित्र नजरेनं बघतात, मग त्यांनाही पाठ होतात.

या वाक्यांत पहिला मान पुन्हा विचारण्याच्या वाक्याचा. आंतरराष्ट्रीय विमानसेवेतल्या वैमानिकांसाठी आणि त्यांना जमिनीवरून सूचना देणाऱ्या कंट्रोलरांसाठी इंग्रजीच्या सहा पायऱ्या ठरवलेल्या आहेत. किमान चौथी गाठावी लागते, आणि ही अट २००८पासून लागू आहे. या चौथ्या पायरीचं वर्णन मला फार आवडतं. उच्चारांवर मातृभाषेची छाप असली तरी चालते, व्याकरणात अधूनमधून चुका झाल्या तरी चालतात; पण काही गैरसमज झालाय असं वाटलं, तर विचारून खात्री करून घेता आलीच पाहिजे. शिवाय कंट्रोलरनं सांगितलेली उंची वैमानिकानं पुन्हा म्हणून दाखवायची, हा नियमच. शेकडो माणसं घेऊन उतरणाऱ्याला पुन्हा विचारायला कमीपणा वाटत नाही, आणि आपण कोटेशनची तारीख विचारताना घसा खाकरत बसतो.

आकड्यांचंही तसंच. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' फोनवर हटकून एकसारखे ऐकू येतात. 'वन फाइव्ह' की 'फाइव्ह झीरो' असं सरळ विचारलं की मिटलं. लाख-कोटीत विचार करणाऱ्या डोक्याला आणखी एक काम असतं. साडेतीन कोटी म्हणजे ३५ मिलियन हे कागदावर पोरखेळ वाटतं. भर चर्चेत एक शून्य कधी हातचं सुटेल सांगता येत नाही. आपले चार महत्त्वाचे आकडे आधीच मिलियनमध्ये लिहून नेणं, हाही इंग्रजीचाच अभ्यास धरावा.

भेटीची वेळ ठरवणं मात्र खुद्द इंग्रजांनाही नीट साधलेलं नाही. 'पुढच्या बुधवारची मीटिंग दोन दिवस मूव्हड फॉरवर्ड झाली आहे' हे मानसशास्त्रज्ञांचं लाडकं वाक्य. मग मीटिंग कधी? इंग्रजी मातृभाषा असलेल्यांपैकी बरेचजण सोमवार सांगतात आणि बरेचजण शुक्रवार. आपण काळातून पुढे चाललोय असं वाटणाऱ्याला शुक्रवार सुचतो. काळच आपल्याकडे येतोय असं वाटणाऱ्याला सोमवार. विमानतळावर हाच प्रश्न विचारला, तर नुकतेच प्रवास करून उतरलेले लोक शुक्रवारच्या बाजूला जास्त झुकलेले आढळले. म्हणजे भेटीचा दिवस कोणता, हे उत्तर देणारा आत्ता कुठून आलाय यावरही थोडंफार ठरतं! त्यात 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलली आणि 'कॉल ऑफ' म्हणजे रद्दच. ०३/०४ हा आकडा ब्रिटिशाला ३ एप्रिल दिसतो आणि अमेरिकनाला ४ मार्च. ब्रिटिश माणूस 'हाफ सेव्हन' म्हणाला तर साडेसात. जर्मन माणसानं आपल्या भाषेतलं तेच शब्दशः इंग्रजीत आणलं, तर त्याच्या मनात असतात साडेसहा. मार्चमध्ये तर घड्याळंच इकडची तिकडे होतात. अमेरिका दुसऱ्या रविवारी तास पुढे करते, युरोप शेवटच्या, आणि मधल्या दोन-तीन आठवड्यांत आठवड्याचा ठरलेला कॉल कुणाला तरी एक तास आधी किंवा नंतर गाठतो.

म्हणून वार, तारीख, अक्षरी महिना, वेळ आणि ती कुणाच्या घड्याळाची, एवढं सगळं एका दमात म्हणून टाकावं: 'थर्सडे, थर्ड एप्रिल, टेन एएम, युअर टाइम.' ऐकायला बाळबोध वाटतं. वाटू दे.

बाळबोध इंग्रजीची बाजू घेणारे थोरामोठ्यांतही झाले आहेत. सी. के. ऑग्डेन या ब्रिटिश भाषाभ्यासकानं १९३० साली साडेआठशे शब्दांचं इंग्रजी तयार केलं. पुढे आयबीएममध्ये काम केलेल्या ज्याँ-पॉल नेरिएर या फ्रेंच गृहस्थांच्या लक्षात आलं, की इंग्रजी मातृभाषा नसलेले वेगवेगळ्या देशांतले लोक आपापसांत इंग्रजीत जास्त मोकळेपणानं बोलतात. त्यांनी दीड हजार शब्दांच्या 'ग्लोबिश'चा आग्रह धरला. खोलीत एखादा अस्सल इंग्रजीभाषक आला आणि 'बॉलपार्क' (ढोबळ अंदाज), 'टच बेस' (जरा बोलून घेणं) सुरू झालं, की बाकीचे माना डोलावू लागतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. अशा वेळी कमी इंग्रजी त्यालाच येतं असं माझं मत आहे. सगळ्यांना कळेल असं बोलता न येणं, ही उणीव त्याची.

राहिली ती सुरुवातीची दोन मिनिटं. 'सो, व्हॉट डू यू डू?' याला पदाचं नाव सांगितलं, की समोरचा 'ओह, नाइस' म्हणतो आणि विषय तिथेच आटोपतो. 'सीनियर असोसिएट, ऑपरेशन्स' यातून कुणाला काय कळणार? त्यापेक्षा आपण नसलो तर काय अडेल ते सांगावं. 'आय मेक शुअर द ट्रक्स डोन्ट कम बॅक एम्प्टी.' एवढ्या सोप्या वाक्यावर माणूस पुढचा प्रश्न विचारतो, आणि ट्रक रिकामे का परततात हे सांगायला आपल्याला इंग्रजी कमी पडत नाही.

तरीही ज्याला चर्चेत शिरायला जमत नसेल, त्याच्यासाठी एक चोरवाट आहे. मीटिंगच्या सुरुवातीलाच मिनिट्स, म्हणजे बैठकीची टिपणं, लिहायचं काम मागून घ्यावं. ते कुणालाच नको असतं, त्यामुळे ताबडतोब मिळतं. मग 'फॉर द मिनिट्स, कुड यू रिपीट दॅट?' म्हणून कुणालाही, अगदी साहेबालाही, थांबवता येतं आणि तोही सावकाश, सुटे सुटे शब्द उच्चारत पुन्हा सांगतो. शेवटी काय ठरलं, कुणी करायचं आणि कधीपर्यंत, हे लिहिणारे आपणच. तिथे २०० मिलिसेकंदांची घाई नाही. डिक्शनरी उघडावी, चहा घ्यावा, 'हॅव बीन' की 'हॅड बीन' हे निवांत ठरवावं आणि मग मेल पाठवावी.