तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या गाडीत टर्बो इंजिन बसवायला किती लागतील?

"वापरलेलं टर्बो इंजिन चांगल्या भावात मिळतंय. माझ्या जुन्या गाडीत बसवायचं तर एकूण किती लागतील?" हे मला इतके जण विचारतात की एकदाचं सविस्तर लिहूनच टाकतो. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप.

नेमका आकडा गाडी बघितल्याशिवाय सांगता येत नाही, पण अंदाज बांधायची माझी एक रीत आहे. इंजिनाचा जो भाव सांगितला असेल त्याला तीनने गुणा. सगळं काम स्वतः करणार असाल तर साधारण तेवढ्यात भागतं. गॅरेजला देणार असाल तर मजुरी वेगळी धरा, आणि ती इंजिनाच्या किमतीपेक्षा जास्त निघाली तर चक्रावून जाऊ नका. एवढं ऐकल्यावर बरेच जण विषय बदलतात. जे बदलत नाहीत त्यांच्यासाठी पुढचं.

भावाची घासाघीस करण्याआधी इंजिनाबरोबर काय काय मिळणार ते विचारा. नुसता ब्लॉक, हेड आणि त्याला लटकलेला टर्बो एवढंच मिळत असेल, तर ते सगळ्यात महाग इंजिन समजा, भाव कितीही पडलेला असो. वायरिंग, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), एअरफ्लो मीटर, इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा) आणि त्याचे पाईप, टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा डाऊनपाईप, फ्लायव्हील, माऊंटिंगचे ब्रॅकेट, गिअरबॉक्स हे एकेक करून गोळा करायला गेलात की पैसे कुठे गेले ते कळतही नाही. म्हणून शक्य असेल तर हाफ-कट घ्या. हाफ-कट म्हणजे गाडीचा पुढचा भागच कापून विकतात, जपानी गाड्यांचे बरेच मिळतात. महाग वाटतो, पण त्यात सगळं एकाच गाडीचं आणि एकमेकांना जुळणारं असतं. नको ते विकून थोडे पैसे परतही येतात.

वायरिंग बघताना तारा कनेक्टरमधून सोडवल्यात की पक्कडीने तोडल्यात ते आधी पाहा. घाईत इंजिन उतरवणारे ईसीयूपासून वीतभर अंतरावर अख्खा लूम (तारांचा जुडगा) छाटतात. मग एकाच रंगाच्या तीन तारा हातात येतात आणि कुठली कुठे जायची ते डायग्राम घेऊन शोधत बसावं लागतं. अशा इंजिनाला स्टँडअलोन ईसीयू (कुठल्याही इंजिनाला जुळवून घेता येणारा) आणि नवीन लूम हाच सरळ मार्ग, आणि त्याचा खर्च कधीकधी इंजिनाएवढाच येतो. फोक्सवॅगन-आउडीचं १.८ टी घेणार असाल तर आणखी एक भानगड: त्यातल्या नंतरच्या इंजिनांचा ईसीयू त्याच गाडीची चावी आणि मीटर ओळखतो. ते बरोबर मिळालं नाही तर इमोबिलायझर (ओळखीची चावी नसेल तर इंजिन चालू न देणारं चोरीविरोधी कुलूप) काढून घ्यायचा खर्च आलाच.

विकत घेण्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासू देत नसतील तर सरळ निघून या. आकडा किती आला यापेक्षा सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का ते बघा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांच्यात १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर मी ते इंजिन ओव्हरहॉल करायचंय असं धरूनच भाव बोलतो. टर्बोचा इनलेट पाईप काढा आणि चाक दोन बोटांत धरून हलवा. आडवा किंचित प्ले (ढिलेपणा) असतोच, तो तेलाच्या फटीचा. पण पाती बाहेरच्या कवचाला घासत असतील, किंवा शाफ्ट पुढे-मागे सरकतोय हे बोटांना कळत असेल, तर टर्बो संपला. हा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तिथे "चालेल" असं काही नसतं. पात्यांच्या कडा चावल्यासारख्या दिसल्या तर आत काहीतरी गेलंय, आणि त्याचे तुकडे पुढे कुठपर्यंत पोचले तेही बघावं लागणार.

आता न चुकणारा खर्च. इंजिन बाहेर आहे तोवर पुढचं-मागचं ऑइल सील, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळे होज, टर्बोचे गॅस्केट आणि तेलाची नळी बदलून टाका. बेल्टवालं इंजिन असेल तर टायमिंग बेल्ट, टेन्शनर, आयडलर सगळं नवीन. मित्सुबिशीच्या ४जी६३ मध्ये बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाची थरथर कमी करणारा शाफ्ट) वेगळा छोटा बेल्ट आहे. तो तुटून टायमिंग बेल्टमध्ये अडकला की व्हॉल्व्ह वाकतात, म्हणून तो विसरू नका. निसानच्या एसआर२०डीईटीला चेन आहे, तिथे हे पैसे वाचतात. १.८ टी असेल तर संप (इंजिनाखालचं तेलाचं पात्र) उघडून तळाशी काळा गाळ बसलाय का ते बघाच, त्या इंजिनाची ती जुनी खोड आहे.

संपवरून आठवलं. बऱ्याच गाड्यांत नवीन इंजिनाचा संप क्रॉसमेंबरला (इंजिनाखालच्या आडव्या पट्टीला) अडतो, मग तो कापून-जोडून आकार बदलावा लागतो. इथे टर्बोच्या तेलाची परतीची नळी बिघडवून ठेवतात. टर्बोत तेल दाबाने जातं, पण बाहेर येताना फेसाळलेलं तेल फक्त उतारावरून खाली येतं. नळी जाड हवी, सलग उताराची हवी आणि संपमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवी. कुठे पोक राहिला की तेल तुंबतं, सीलमधून बाहेर पडतं आणि गाडी निळा धूर मारते. मग चांगला टर्बो काढून दुसरा घेतात, तोही धूर मारतो, आणि विकणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली जातात.

पेट्रोल आणि हवा यांचा हिशेब साधा आहे. ०.७ बार बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) म्हणजे इंजिनात सुमारे १.७ पट हवा, म्हणजे पेट्रोलही निदान तेवढ्याच पटीत. जुना फ्युएल पंप यात पुरा पडत नाही, आणि कार्ब्युरेटरच्या गाडीत तर टाकीपासून नवीन लाईन आणि परतीची लाईनही टाकावी लागते. पंप कमी पडला की मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), नॉकिंग (पेट्रोलचा अवेळी भडका) सुरू होतं आणि पिस्टनच्या दोन रिंगांमधला भाग तुटतो. इंटरकूलरवरही काटकसर नको. ३० अंशांची हवा ०.७ बारला दाबली की टर्बोतून बाहेर पडताना १०० अंशांच्या आसपास गेलेली असते. रेडिएटर मोठा घ्या, यावर वाद नको.

गिअरबॉक्स आणि क्लच याबद्दल लोक मला स्वतःहून विचारतात, ब्रेकबद्दल क्वचितच. वेग ३० टक्के वाढला की थांबवायची ऊर्जा जवळपास ७० टक्के वाढते. जुन्या गाडीच्या भरीव (मधे हवा खेळायला फट नसलेल्या) डिस्क आणि मागचे ड्रम हे झेपवणार नाहीत. मी तर ब्रेक, सस्पेन्शनचे बुश आणि टायरचे पैसे इंजिनाच्या आधी बाजूला काढायला सांगतो. पैसे कमी पडले तर निदान चांगल्या ब्रेकची जुनी गाडी तरी हातात राहते.

"टोयोटाचं १जेझेड-जीटीई टाकू का?" हेही नेहमी येतं. २.५ लिटरचं, कागदावर २८० पीएसचं इंजिन, मजबूत आहे यात शंका नाही. पण तुमच्या गाडीत ते याआधी कुणी बसवलंय का? बसवलं असेल तर माऊंटिंग, चाकांना जोर पोचवणारा शाफ्ट, संप तयार मिळतात. नसेल तर प्रत्येक ब्रॅकेट लेथवर आणि वेल्डिंगवर बनणार, आणि प्रत्येक वेळी इंजिन आत-बाहेर करायची मजुरी. मळलेली वाट असलेलं थोडं लहान इंजिन मी कधीही आधी घेईन.

कागदपत्रं शेवटी करायची गोष्ट नाही. इंजिन बदलायला परवानगी मिळते का, नवीन इंजिन नंबर नोंदवून घेता येतो का, विमा कंपनी मान्य करते का, हे खरेदीआधी विचारा आणि इंजिनाची पावती जपून ठेवा.

एवढं करून एकूण बजेटचा पाचवा हिस्सा हात न लावता ठेवा, आणि जुनं इंजिन लगेच विकू नका. गाडी सुरू झाल्यावर ५०० किलोमीटर बूस्ट न वाढवता चालवा, मग तेल बदला आणि ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात पसरून बघा. तांबूस-पिवळी चमक दिसली तर बेअरिंग घासतंय, आणि बाजूला ठेवलेला तो हिस्सा तिथेच जाणार. कागद स्वच्छ निघाला तर जुन्या इंजिनाला गिऱ्हाईक बघायला हरकत नाही.